गफूर गुरुजींची जन्मवही

आमच्या शाळेत एक जुलैला जन्मायला बंदी होती.

ही बंदी सरकारची नव्हती, हेडमास्तर गफूर गुरुजींची होती. बाकीच्या शाळांत बाप पोराला घेऊन येई, हातानं उंची दाखवी आणि मास्तर अंदाजानं सहा वर्षं धरून, एक जुलै लिहून मोकळे होत. गुरुजी मात्र चष्मा कपाळावर सारून म्हणत, "एक जुलैले काय आभायातून पोरं टपकतेत? गवाह आन!"

मग तपास सुरू. पोरगं झालं तेव्हा तूर सोंगली होती का? नाल्याला पाणी केवढं होतं? घरात कोण होतं? बाप डोकं खाजवत परत जाई आणि दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन येई.

बोरी अरबहून दोन कोसांवरची ही शाळा इंग्रजांच्या वेळची. काळ्या दगडाचं जोतं तेच, छप्पर मात्र तिसरं. पहिलं गवताचं, ते जळलं. मग टिनांचं, ते वावटळीत उडून जवारीच्या वावरात पडलं. मग कौलांचं. इतिहासाच्या पुस्तकात जशी मोगलांची अमदानी, तशी गुरुजींकडे गवताची, टिनांची आणि कौलांची. सरपंच गवताच्या शेवटच्या वर्षातले, त्यांचा भाऊ टिनांचा.

हे सगळं एका लाल पुठ्ठ्याच्या जाडजूड वहीत उतरे. एकेका पोराची जन्मतारीख शोधता शोधता गुरुजींनी दहा गावांचा इतिहास लिहून काढला होता. टोळधाड कधी आली, छोटी गाडी दारव्ह्याला पहिल्यांदा कधी शिट्टी मारत आली, कोणाची बायको कोणत्या सुगीत माहेरी निघून गेली, सगळं. मी यवतमाळच्या कारकुनाचा मुलगा, नवाच सहायक मास्तर. मला वाटे, म्हातारा चक्रम आहे. वाटे काय, होताच.

एकदा एका बाईच्या तीन लेकरांचा तपास निघाला. थोरला मध्यप्रदेशात जन्मला, मधली मुंबई राज्यात, धाकटा महाराष्ट्रात. बाळंतपणं तिन्ही एकाच खोलीत, बदललं ते वरचं राज्य. "एका खोलीत तीन राज्यं, मास्तर!" गुरुजी हरखून मला सांगत होते. त्या तीन तारखा मिळवायला त्यांना तीन आठवडी बाजार पालथे घालावे लागले.

आणि त्याच उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीतून कागद आला. गुरुजींना पंचावन्न वर्षं पूर्ण होत होती, तीस जूनला निवृत्ती. मी त्यांचं सेवापुस्तक उघडलं. जन्मतारीख: एक जुलै.

मला हसू फुटलं. गुरुजी हसले नाहीत.

"मायबाप पटकीत गेले," ते म्हणाले. "मामूनं मले उचलून आनलं अन् याच शायेत घातलं. मास्तरनं वय इचारलं, मामूनं हात वर केला. मी होतो उंच. चौथीत गेलतो तवा कुठं माया पयला दुधाचा दात पडला."

म्हणजे खऱ्या वयानं नोकरीची अजून दोन-तीन वर्षं सहज होती. शाळेमागच्या खोलीत गुरुजी एकटे राहत. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की खोलीही सुटणार, आणि जायचं कुठे ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. कचेरीतला बाबू भला होता. म्हणाला, जन्म पाहिलेलं कोणी जुनं माणूस आणा, तारीख दुरुस्त करू. मी गावभर सांगितलं.

दोन दिवसांनी सोनामाय आली. सत्तरी ओलांडलेली सुईण, गुरुजींची नेहमीची गवाह. शाळेच्या पटावरची अर्धी पोरं तिच्याच हातची.

"मले याद हाय, गुरुजी," ती पडवीत टेकत म्हणाली. "तुमचं गाव दिग्रसकडचं न? मायं माहेर तिकडचंच. माय सुईन होती, मी तिच्यासंग गेलती. दिवा धरून उभी होती."

मी आनंदानं दौत उघडून टाक गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींचा आवाज एकदम मऊ झाला.

"दिस कोनता होता?"

"पोयाचा. दाराशी बैल सजवले होते."

"अन् मी झालो कुठं? घरातच?"

"घरात नाही तं कुठं? बाजेवर."

गुरुजींनी टाक खाली ठेवला. "सोनामाय, मी चालत्या बैलबंडीत झालो. कापसाची बंडी दारव्ह्याले चालली होती, तिच्यात. मामूले तेवढंच माहीत होतं. वरीस नाही सांगता आलं त्याले."

म्हातारीनं पदरात तोंड लपवलं. "कायले इचारलं येवढं? तुमी जाऊ नका न, गुरुजी."

गुरुजींनी स्वतः चहा केला, बशीत ओतला आणि तिच्यापुढे धरला.

ती गेल्यावर मी भडकलो. त्यांचं गवाहाचं वेड त्यांच्याच मुळावर आलं, असं मला वाटलं. "गुरुजी, अंगठा उठला असता, काम झालं असतं! एक खोटं खपलं नसतं का? स्वतःच्या बाबतीतही उलटतपासणी?"

त्यांनी वही जवळ ओढून तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"खोटं पकडाले नाही इचारलं, मास्तर," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली, पोराईचं इचारता इचारता मी मायं बी इचारून घेतो. आज ती दिवा धरून उभी होती म्हनाली न, तवा मले वाटलं, आता म्हातारी बंडीत म्हनन. कोनी तरी मले जल्मताना पायलं असन, असं वाटते न मानसाले."