अकरा कप्प्यांच्या पिशवीची बखर

श्री धन्वंतरी साक्ष. वाचणाऱ्यास आरोग्य असो, ऐकणाऱ्यास धीर असो. शके सत्राशें बारा, साधारण नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवशी या राज्यात औषधविम्याच्या निवडीचा दरबार भरला, त्याची हकीकत तिखटमीठ न लाविता, पाहिली तैसी लिहिली आहे. राज्य कोणते, राजा कोण, हे पुसू नये. राजा थोर, प्रजेस पोटच्या लेकराप्रमाणे पाहणार. एके वर्षी महाराज स्वारीहून परतता वाटेत त्यांणी म्हातारी माणसे पाहिली, ज्यांणी तरुणपणी राज्यासाठी हाडे झिजविली, ती आता दमा, मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे यांच्या वेढ्यात सापडली, आणि औषधाची किंमत ऐकोन वैद्याच्या दारातून माघारी फिरतात, हे पाहोन महाराजांचे अंतःकरण द्रवले आणि हुकूम जाहला की, पासष्टी उलटलेल्या प्रत्येकाने, बाई असो की बाप्या, कार्तिकमासी औषधविमा पत्करावा. मग विमा देणाऱ्या पेढ्या पुढे जाहल्या, एक नव्हे दोन नव्हे, अठ्ठावीस, आणि प्रत्येक पेढीचा हप्ता वेगळा, औषधांची यादी वेगळी, औषध मिळण्याची दुकाने वेगळी, आणि यादीसही पायऱ्या, पहिल्या पायरीवरले औषध जवळपास फुकट, चौथ्या पायरीवरल्यास म्हैस विकावी, आणि जे यादीतच नाही ते साक्षात महाराजांनी मागितले तरी मिळणे नाही. कार्तिक सरेपर्यंत निवड बदलावी, परंतु अमावस्येस दरवाजे मिटले की पुढे बारा महिने जे पदरी पडले ते पडले. आम्ही उभ्या हयातीत गड पाहिले, तोफा पाहिल्या, पूर पाहिले, परंतु अठ्ठावीस याद्या एका मांडवात मांडलेल्या पाहिल्या तेव्हां आमची मती गुंग जाहली, हे लपविण्यात अर्थ नाही.

तर नांदूरखेडे गावी हणगोजीराव मोहोळकर म्हणोन चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ राहत होते. सरहद्दीवरील किल्ल्याचे जुने हवालदार. चाळीस माणसांनिशी सत्रा दिवस वेढा सोसला आणि किल्ला दिला नाही, ही त्यांची कीर्ती. त्यांची स्त्री लाडूबाई, वय अडुसष्ट, बोलणे थोडे, काम फार. नवऱ्याची औषधे अकरा, आणि कोणती केव्हां, जेवणाआधी की मागून, हे सारे बाईंच्या बोटांवर. त्यासाठी तिणे जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडोन एक पिशवी शिवली होती, तिला कप्पे अकरा, प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणजे चष्मा नसला तरी चूक होऊ नये. बाईंची स्वतःची औषधेही होती, परंतु ती चुलीमागल्या फळीवर डब्यात पडलेली असत, त्यांस कप्पा नव्हता. आणि लुगड्याच्या पदरास एक गाठ असे, ती कोणासमोर सोडीत नसे. त्या गाठीत काय, हे बाईंस आणि वैद्यास ठाऊक. आम्हांस शेवटास कळले, तेव्हां वाचणाऱ्यानेही थोडी कळ काढावी.

आता अकराव्या कप्प्याची गोष्ट. मागल्या हिवाळ्यापासोन हणगोजीरावांस लघवीचा धीर राहीना. उठेपर्यंत होऊन जाई. मग त्यांणी आधी घोडा सोडला, मग लग्नकार्ये सोडली, मग संध्याकाळी चावडीवर जाऊन जुन्या गड्यांत बसणे सोडले, आणि दाराशी बाजेवर बसोन रस्ता पाहू लागले. कोणी पुसले तर म्हणत, "पाय दुखतात हो." बाई पहाटे उठोन अंथरूण धुई आणि शेजाऱ्यांच्या आधी वाळत घाली. सहा महिने ऐसे गेले. सत्रा दिवसांत जो माणूस वाकला नाही तो या सहा महिन्यांत असा खचला की बाईंस पाहवेना. मग वैद्य नरहरशास्त्री यांणी एक लहानशी पिवळी गोळी दिली, आणि काय सांगावे, पंधरा दिवसांत स्वारी परत चावडीवर, हसणे परत, मिशांस पीळ परत. जणू वेढा उठला. ही गोष्ट वैद्य, नवरा आणि बायको, तिघांखेरीज चौथ्यास ठाऊक नाही. चार महिने शास्त्र्यांनी आपल्या पेटीतून गोळ्या पुरविल्या, आणि दिवाळीस म्हणाले, "बाई, माझ्याकडच्या सरल्या. किंमत तुम्हांस झेपायची नाही. ज्या पेढीच्या यादीत ही असेल तीच धरा, आणि काही जाहले तरी ही विसरू नका." दरबाराच्या दिवशी कप्प्यात बावीस गोळ्या उरल्या होत्या. बाईंनी शास्त्र्यांकडोन अकराही नावे एका कागदावर लिहवोन घेतली, चार घड्या केल्या आणि दरबारच्या सकाळी तो कागद नवऱ्याच्या पागोट्यात खोवला.

दरबार काय वर्णावा! कसब्याबाहेर माळावर मांडव, दुतर्फा अठ्ठावीस पेढ्यांच्या गाद्या, गाद्यांवर निशाणे, आणि सूर्यध्वज नामे पेढीने तर दाराशी झूल घालोन हत्ती उभा केला होता, येणाऱ्या म्हाताऱ्यांवर तो सोंडेने गुलाबपाणी उडवीत होता, आणि म्हातारे लहान पोरांसारखे ओले होऊन हसत होते. पलीकडे अगदी टोकास एका पेढीपाशी ना निशाण ना हत्ती, एक चटई, एक यादी, आणि यादीमागे चष्मा लाविलेली एक प्रौढ कारकूनबाई. तिकडे कोणी फिरकत नव्हते. मध्ये निवडीचे मुख्य कारकून शिक्का घेऊन बसलेले, आणि त्यांच्या उजवीकडे भालदार. रीत ऐसी की, माणसाने कागद द्यावा, भालदाराने एकेक औषध आणि ते कशासाठी हे मांडवभर ऐकू जाईल ऐसे पुकारावे, आणि पेढीवाल्यांनी आपापली यादी पाहोन "आहे" किंवा "नाही" म्हणावे. लाडूबाईंनी हे पाहिले आणि पिशवी पदराखाली ओढिली, कारण मांडवात अर्धी चावडी बसलेली होती, आणि त्यांत सटवाजीराव काटे, वेढ्यातले सोबती, थट्टेखोर अव्वल दर्जाचे. त्यांचा शिक्का सकाळीच सूर्यध्वजाकडे पडला होता. ते म्हणाले, "या हणगोजी! मध्यंतरी सहा महिने दार राखीत बसला होतास म्हणे? म्हटले, किल्लेदारी परत मिळाली की काय!" सारे हसले. हणगोजीरावही हसले, परंतु बाईंनी पाहिले की त्यांचा हात पागोट्याकडे गेला आणि तेथेच राहिला.

मग नाव निघाले आणि हणगोजीराव पुढे जाहले, कागद काढिला, आणि बाईंची नजर त्यावर खिळली, कारण सकाळी अखंड दिलेल्या कागदाची खालची कड वेडीवाकडी फाटलेली होती. भालदाराने पुकारा केला, रक्तदाबाची, आहे, मधुमेहाची, आहे, गुडघ्याची, आहे, ऐसे करीत दहा जाहली, आणि दाहीस सूर्यध्वजवाल्यांनी "आहे, आहे" म्हणोन छाती फुगविली, हप्ताही त्यांचाच हलका, हत्तीने सोंड उचलली, आणि मुख्य कारकुनांनी शिक्का शाईत बुडविला. बाईंस बावीस गोळ्या दिसल्या, बावीस दिवस दिसले, आणि तेविसाव्या दिवशी दाराशी मांडलेली बाज दिसली. आम्ही तेथे होतो, आम्ही पाहिले, बायकांच्या बाजूने ती उठली आणि भरल्या मांडवातून चालत पुढे आली, आणि जिचा आवाज शेजघरातही मोठा होत नसे ती म्हणाली, "कारकूनसाहेब, शिक्का थांबवा."

"का हो बाई, काय जाहले?"

"औषधे दहा पुकारलीत. ही पिशवी घ्या आणि कप्पे मोजा."

कारकुनांनी मोजले, पुन्हा मोजले, अकरा. "अकराव्यात काय आहे?" त्यांणी पुसले.

"ते मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "ज्याचे त्याने सांगावे." आणि नवऱ्याकडे पाहोन हळूच म्हणाल्या, "अहो, बारा महिने आहेत. दिवस मोजा की."

हणगोजीरावांचे कान लाल जाहले. त्यांणी सटवाजीरावांकडे पाहिले, हत्तीकडे पाहिले, आभाळाकडेही पाहिले. मग भालदाराने हात पुढे केला, तेव्हां ते म्हणाले, "तू राहू दे गड्या. माझे औषध मीच पुकारतो." आणि त्यांणी कंबर सरळ केली, आणि किल्ल्याच्या तटावरून ज्या आवाजात शत्रूस नकार दिला होता त्याच आवाजात गरजले, "अकरावी गोळी पिवळी! मला लघवी धरवत नाही, त्यासाठी! ही ज्याच्या यादीत आहे त्याने बोलावे!" आम्ही लढाया ऐकिल्या, काही पाहिल्याही, परंतु ऐसे शौर्य पाहिले नाही, आणि अंगावर काटा आला हे उघड सांगतो. सूर्यध्वजवाले यादी चाळोन खाली मान घालून म्हणाले, "नाही." दुसरा म्हणाला नाही. तिसरा नाही. ऐसे सत्तावीस नाही जाहले, आणि बाईंनी डोळे मिटले. मग टोकाच्या चटईवरोन चष्म्याची कारकूनबाई म्हणाली, "आहे. तिसऱ्या पायरीवर आहे, पण आहे. गुडघ्याची तुमची नाही, तिच्याच गुणाची दुसरी आहे, वैद्यांस पुसोन घ्या. बाकी सारी आहेत. हप्ता जरा जड पडेल." हणगोजीराव म्हणाले, "पडू दे." आणि शिक्का पडला.

आता पुढे जे घडले ते कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही. सटवाजीराव काटे उठले. साऱ्यांस वाटले, आता थट्टा होणार. ते कारकुनांपुढे गेले आणि म्हणाले, "साहेब, माझा सकाळचा कागद काढा. कार्तिक सरला नाही, निवड बदलता येते ना?" आणि पागोट्याच्या घडीतोन त्यांणी कागदाची एक चिंधोटी काढिली, लांब, अरुंद, एका बाजूने फाटलेली, आणि म्हणाले, "माझीही एक राहिली. हीच. दोन वर्षे जाहली." मग हणगोजीराव बोलिले, "सटव्या, तूसुद्धा?" "मग काय तुझ्या एकट्याचीच मिरासदारी?" ते म्हणाले, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. मग मागून एक उठला, त्याने बंडीच्या खिशातून चिंधोटी काढिली, ती विसरभोळेपणाच्या औषधाची, मग एकाने कमरेच्या कनवटीतोन काढिली, ती हातांच्या कापऱ्याची, आणि मग उठले ते उठतच गेले. तेहतीस चिंधोट्या निघाल्या. मुख्य कारकून कपाळास हात लावोन म्हणाले, "दहा वर्षे या प्रांतातले कागद खालून फाटलेले येतात. मी समजत होतो, इकडे कागदच आखूड मिळतो!" आणि ते रडत होते की हसत होते, आम्हांस नीट कळले नाही. हत्तीकडे कोणी पाहीना.

मग बायकांची पाळी आली. लाडूबाईंचा कागद लहान. भालदाराने चार औषधे पुकारली आणि कारकून म्हणाले, "बाई, तुमची चारच ना?" चार म्हणोन सुटता आले असते. त्यांणी नवऱ्याकडे पाहिले, मग पदराकडे पाहिले, आणि जी गाठ कोणासमोर सुटत नव्हती ती सोडिली, आणि आत कागदाची चिंधोटी आणि दोन पांढऱ्या गोळ्या. "पाच," बाई म्हणाल्या. भालदार कान देऊन वाकला, तेव्हां हणगोजीराव म्हणाले, "भालदार, ही हळू पुकार." परंतु पुकारावे लागलेच नाही, मांडव इतका शांत होता की बाईंचे बोलणे टोकास ऐकू गेले. "विनाकारण रडू येते, त्यासाठी. तीन वर्षे जाहली. गोठ्यात जाऊन घेते." चष्म्याची कारकूनबाई यादी न पाहताच म्हणाली, "आहे, बाई. पहिल्याच पायरीवर आहे."

परतीच्या बैलगाडीत हणगोजीराव म्हणाले, "अगं, मला का नाही सांगितलेस?" बाई म्हणाल्या, "तुमचेच दुःख तेवढे होते, त्यात माझे कोठे घालू?" दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर न जाता त्यांणी खोगीर शिवावयाचा जुना दाभण आणि दोरा काढिला, आपल्या लाल कमरबंदाचे तुकडे केले, आणि अंगणात बसोन, नाकावर चष्मा, जिभेचे टोक बाहेर, दिवसभर शिवीत बसले. बाई म्हणाल्या, "अहो, टाके वाकडे येताहेत." ते म्हणाले, "येऊ देत."

एकूण तात्पर्य हे की, ते वर्षी पेढ्या अठ्ठावीस, शिक्के तीनशें सोळा, पुरुषांकडोन चिंधोट्या तेहतीस आणि बायकांकडोन एक. पुढील वर्षी सरकारांतून दरबारात आडपडदा लावण्याचा हुकूम आला, त्यास नांदूरखेड्याच्या मंडळींनी अर्ज केला की पडदा नको, आम्हांस एकमेकांचे ऐकावयाचे आहे. सूर्यध्वजाचा हत्ती विकला गेला. लाडूबाईंच्या पिशवीस कप्पे सोळा जाहले, अकरा रंगीत आणि पाच लाल, आणि ती आजही चुलीपाशी खुंटीस, सर्वांस दिसेल ऐशी टांगलेली असते. लिहिणाऱ्याने आपलीही चिंधोटी काढिली आहे. हकीकत पुरी.