दीड आक्का

झोपलेल्या सासूला टेप लावणारा जावई आक्कांनी आजवर ऐकला नव्हता, आणि आता तो त्यांच्याच घरात निघाला होता.

दुपारी जेवून त्या दुकानातल्या नव्या दिवाणावर जरा पाठ टेकून पडल्या होत्या. टाचेला काहीतरी गार लागलं म्हणून एक डोळा किलकिला केला, तर जावईबापू स्टीलचा टेप त्यांच्या टाचेपासून डोक्यापर्यंत ताणून वाकलेले! आक्कांनी डोळा पुन्हा मिटून घेतला. जावईबापूंनी आकडा बघितला, परत बघितला, "अरेच्चा" म्हणाले आणि टेप खर्रकन आत सोडून चोरपावलांनी निघून गेले. त्या "अरेच्चा"ने आक्कांची झोप उडाली ती उडालीच.

"मेलेल्या माणसाचं माप घेतात असं," त्या लेकीला म्हणाल्या. "मी अजून श्वास घेतेय, हे तुझ्या नवऱ्याला कुणीतरी कळवा."

"अगं आई, ते म्हणतात, एकदा माप पक्कं करून घेऊ."

"माप पक्कंच आहे. मी आहे ना!"

आणि ते खरंही होतं. या गाद्या-सोफ्यांच्या दुकानात गरजेला टेप कधी सापडलाच नव्हता. आक्कांचे यजमान ऐन कामात तो हरवायचे आणि हाक मारायचे, "अगं, जरा आडवी हो." नुकतं लग्न झालेली आक्का फळीवर आडवी व्हायची, भुसा जाऊ नये म्हणून डोळे मिटायची, आणि यजमान एक खूण डोक्याशी, एक टाचेशी करायचे. तेव्हापासून दुकानातून फूट-इंच हद्दपार झाले. दिवाण म्हणजे एक आक्का, मोठा सोफा सव्वा आक्का, आणि नाट्यगृहाच्या सज्जातले बाक दीड आक्का. मधले स्क्रू काढले की त्या बाकाचे दोन तुकडे व्हायचे, एक आक्का आणि अर्धी आक्का. यजमान गेले, माप राहिलं.

आता तेच बाक नव्याने भरायला निघाले होते. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने बजावून ठेवलं होतं, उद्या सकाळी उचलायला या, नाहीतर काम फोमवाल्याला देतो. यजमानांच्या हातच्या बाकांत फोम! आक्कांना नुसत्या कल्पनेनेच ठसका लागला. आणि दुकानाचा जुना टेम्पो नेमका याच आठवड्यात असा बसला, की मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता हळूच बंद केलं. म्हणून लांब बुडाची जुनी स्टेशन वॅगन घ्यायचं ठरलं. बाकाचा मोठा तुकडा आत, छोटा तुकडा मागे ओढायच्या ट्रेलरमध्ये.

फोन जावईबापूंनी लावला. नोकरी सुटल्यावर ते दुकानात आले होते आणि फोन, पावत्या आणि शहाणपणा अशी तीन खाती सांभाळत होते.

"हॅलो, मागची सीट पाडली की लांबी किती भरते? म्हणजे फुटांत..."

"आपल्या मापात विचारा," आक्का पाठीमागून म्हणाल्या.

जावईबापूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं, मागे एक आक्का आडवी मावेल का? पाय न दुमडता?... आक्का म्हणजे आमच्या सासूबाई... नाही, तशी दीड आहे, पण दोन तुकडे करतो ना! एक आत, अर्धी ट्रेलरमध्ये... आजच पाहिजे हो, उद्या सकाळी उचलायचीच आहे... छे छे, गाडीला डाग कसला पडतोय? चादरीत गुंडाळून आणू. मग दुकानात नेऊन फाडायची, आतलं कुजलेलं सगळं काढायचं, नवीन भरायचं आणि शिवून टाकायची. बाहेरून कुणाला कळणारसुद्धा नाही!"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

"गप्प झाला," जावईबापू खूश होऊन म्हणाले. "पक्कं गिऱ्हाईक आहे हे त्याला कळलंय."

जुन्या गाड्यांच्या आवारात दोघं स्कूटरवरून उतरली, तेव्हा गाडीवाला दारातच उभा होता. तो जावईबापूंकडे बघेना. त्याची नजर आक्कांवरच.

"आपणच... आक्का?"

"मीच. का रे?"

"काही नाही. बऱ्या आहात ना? घरी सगळं ठीक? कुणाचा काही त्रास?"

"बाबा, तू गाड्या विकतोस की नाड्या बघतोस?"

गाडीवाल्याने गुपचूप गाड्या दाखवायला सुरुवात केली. जावईबापूंना एक खोड होती. दिसेल त्या टायरला लाथ मारायची, कान देऊन ऐकायचं आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"मधून त्यांना काय कळायचं, हे टायरलाही ठाऊक नव्हतं. पहिली गाडी पांढरी, दिसायला देखणी, पण मागे ट्रेलरचा हूकच नाही. दुसरी लाल. तिचा हूक कोरा करकरीत.

"बघा आक्का, किती जपून वापरलीय!"

"जपून नाही, वापरलेलीच नाही. रंगीत बाहुली आहे ही. ओझं बघितलं की रडायला लागेल."

"हिला जरा जड ओढायला लावलं की क्लच जळल्याचा वास येतो," गाडीवाला पुटपुटला. विकणारा माणूस आपणहून खोड सांगतोय, याचं आक्कांना नवल वाटलं. पण गाडीवाल्याचं आज धंद्यात लक्षच नव्हतं.

तिसरी राखाडी. दाराला पोचा, एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा, पण हूक घासून घासून चकचकीत झालेला. आक्कांनी सीटवर मूठ दाबली. "शिवण कुणी घातलीय ही, डोळे बांधून?" त्या म्हणाल्या. "पण बूड दणकट आहे. हिचं माप घेऊ."

"आक्का, मी टेप आणलाय..."

"तो ठेवा खिशात. मला आडवं व्हायला दोन मिनिटं लागतात."

त्या मागच्या दारातून आत चढल्या, साडी नीट केली, हात पोटावर घेतले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने डोळे मिटून सरळ पडल्या. गाडी ओढते कशी तेही बघायचं म्हणून जावईबापूंनी आवारातलाच, जुन्या टायरांनी भरलेला ट्रेलर मागे जोडून घेतला. मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. आक्कांना टेप चालत नाही ना, मग डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरायची आणि तेवढी कापून घ्यायची. आक्काही खूश, मापही खरं.

"आक्का, तशाच पडून राहा, हलू नका!" ते स्कूटरकडे धावत ओरडले. "मी दोरी आणि चाकू घेऊन आलोच!"

पुढच्या क्षणी आक्कांच्या पायाशी दार धाडकन बंद झालं, पुढचं दार वाजलं आणि गाडी अशी सुटली की आक्का लाटण्यासारख्या एकदा इकडे, एकदा तिकडे.

"अरे मेल्या, कुठे चाललास?"

"घाबरू नका आक्का!" गाडीवाला ओरडला. "मी आहे!"

"तू आहेस म्हणूनच घाबरलेय! थांबव!"

"चौकीपाशीच थांबवतो! घट्ट धरा!"

धरायला आत होतं काय? आक्कांनी स्वतःचेच गुडघे धरले. पुढे चांगला उभा चढ लागला. मागे टायरांचा ट्रेलर, आत आक्का, तरी गाडी कण्हली नाही की कुंथली नाही. क्लचचा वास येतो का म्हणून आक्कांनी त्याही अवस्थेत नाक वर करून हुंगलं. नाही. फक्त गाडीवाल्याच्या घामाचा.

चढ संपताच पोलीस चौकी होती. गाडीवाल्याने दार उघडून आक्कांना हात दिला आणि हवालदारासमोर एका दमात सगळं ओकून टाकलं. "साहेब, हिचा जावई हिचे तुकडे करणार आहे! मला फोनवर सांगितलं. एक आत, अर्धी ट्रेलरमध्ये. आतलं सगळं काढून शिवून टाकणार म्हणाला! मला वाटलं म्हातारी गेलीय आणि हा खुळा झालाय. तर ही आली चालत, टुणटुणीत! आणि तो दोरी-चाकू आणायला गेला!"

आक्कांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. आधी हसू पोटात आलं, मग गळ्यात आलं, पण त्यांनी ते पदराने तोंडातच कोंबलं. एवढ्या लवकर खरं सांगायची त्यांना काही घाई नव्हती. खर्रकन आत गेलेला टेप अजून त्यांच्या कानात होता.

"अर्धी ट्रेलरमध्ये म्हणाला?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं. "कुठली अर्धी, वरची की खालची?"

"ते नाही बोलला, आक्का."

"बघा हवालदारसाहेब. सासूचं काही ठरवून ठेवायची पद्धतच नाही."

तेवढ्यात स्कूटर फटफटत आली. जावईबापूंचे केस उभे, एका हातात दोरीचं वेटोळं, दुसऱ्या हातात हँडल आणि चाकू दोन्ही.

"आक्का! कुठे पळालात? मी सगळं घेऊन आलो आणि तुम्ही गायब!"

हवालदार उठून उभा राहिला. "ही दोरी कशाला?"

"सासूबाईंचं माप घ्यायला."

"आणि चाकू?"

"माप झालं की कापायला."

"काय कापायला?"

"इथून... इथपर्यंत..." जावईबापूंनी सवयीने आक्कांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला. हवालदाराने त्यांची कॉलर पकडली. जावईबापूंच्या तोंडून "दोरी, दोरी" एवढंच निघू लागलं, आणि हवालदाराला वाटलं, हा हत्यार कबूल करतोय.

आता मात्र आक्कांना राहवेना. "सोडा हो त्यांना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खुनाला अक्कल लागते. आमचे जावई तसे नाहीत." मग त्यांनी दुकानाचं माप, बाक, कापूस, शिवण, सगळं समजावून सांगितलं. हवालदाराने कॉलर सोडली आणि वर इस्त्री केल्यासारखा हातही फिरवला. गाडीवाला पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं.

"पाणी पी आणि कागद काढ," आक्का त्याला म्हणाल्या. "मी आत मावले, दार लागलं, गाडी चढ चढली. हीच घेतली."

"पण आक्का, एकदा टेपाने..." जावईबापू चाचरत म्हणाले.

"ह्याच चौकीत ठेवून जाईन हं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राखाडी गाडी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी लागली. अर्धी आक्का ट्रेलरमध्ये झकास बसली. मग आक्कांनी आणि जावईबापूंनी मोठा तुकडा उचलून आत सरकवला, आणि जावईबापूंनी दार लावलं. दार लागलं नाही. पुन्हा ढकललं. बाक वीतभर बाहेर राहिला तो राहिलाच.

बाकाच्या खालच्या फळीवर यजमानांच्या पेन्सिलीच्या दोन खुणा अजून होत्या, एक डोक्याची, एक टाचेची. आक्का त्या दोन खुणांकडे बघत राहिल्या. काल या गाडीत त्या सरळ पाय पसरून झोपल्या होत्या आणि दार खाडकन लागलं होतं.

"बसत नसेल तर सांगा," व्यवस्थापक दारातून म्हणाला. "फोमवाल्याकडे ट्रक आहे."

आक्कांनी स्वतः एकदा दार ढकलून बघितलं.

जावईबापूंनी घसा खाकरला. "आक्का, माझा तो टेप... परवा मी लावला होता ना, तो सैल पडलाय. काहीही दाखवतो. मी फेकून दिला."

टेप त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. आक्कांनी टेपाकडे बघितलं, मग जावयाच्या तोंडाकडे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते तोंड नीट बघितलं.

"दोरी आणि चाकू आहेत का गाडीत?"

"आहेत."

"मग बघता काय? दार अर्धवट बांधा, वर लाल फडकं लावा. आणि तुम्ही हो," त्या व्यवस्थापकाकडे वळल्या, "फोमवाल्याला सांगा, झोप काढ म्हणावं."

दार बांधून झालं. लाल फडकं लागलं. दोन-तीन खेपांत सगळे बाक दुकानात येऊन पडले. आक्कांनी दुकानातली लांब फळी पुसून घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि जावईबापूंना समोर उभं केलं. ते आक्कांपेक्षा चांगले वीतभर उंच होते.

"एक लक्षात ठेवा, जावईबापू. मी आखूड झालेले नाही, बाक लांबलेत. लांबलेल्या बाकांना लांब माप लागतं, म्हणून आजपासून या दुकानात आक्का बंद, जावई सुरू. व्हा आडवे आणि डोळे मिटा. डोक्यातलं काढून नवीन भरायचं की नाही, ते शिवताना बघू."