पदार्पणाचा पूर्वानुभव

कोलोनच्या 'ऱ्हाइनतीर मराठी मंडळा'ने यंदाच्या स्नेहसंमेलनात 'सरल्या दशकातील पाश्चात्त्य पॉप गायिकांची स्मरणीय पदार्पणगीते' हा कार्यक्रम करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. सरलेलं दशक म्हणजे नव्वदचं, हे ठरवायला वेगळी पोटसमिती नेमण्यात आली.

वसुधा आगाशेला मात्र आनंद झाला. सत्त्याण्णव साली सांगलीत, मावसभावाच्या कॅसेटवरून तिनं एका गोऱ्या गायिकेचं पहिलंवहिलं गाणं अक्षरन् अक्षर पाठ केलं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला नाव दिलं, तर सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी लग्न झालं. तेव्हापासून बाई गायची ती स्वयंपाकघरात, चिमणीचा पंखा फुल्ल करून. एकदा, फक्त एकदा, तिला माणसांसमोर गायचं होतं. तिनं पहिल्याच दिवशी अर्ज भरला. अर्जाला अकरा रकाने होते.

आठवड्यानं मंडळाच्या चिटणीस सुरुची यांचा फोन आला.

"वसुधाताई, तुमची गायिका बाद. नऊ वर्षांची असताना चर्चमध्ये गायली होती म्हणे."

"अहो, लेकरू होतं ते!"

"आल्झो, म्हणजे गायली ना? मग पदार्पण तेच. आपलं मंडळ म्हणजे रजिस्टर्ड फेराइन आहे, ताई. उद्या कुणी हरकत घेतली म्हणजे?"

छाननी समितीनं सगळ्यांना हाच न्याय लावला, हे मान्य करायला हवं. एका गायिकेनं आधी टूथपेस्टच्या जाहिरातीत तान घेतली होती. दुसरी मामाच्या लग्नात गायली होती. एकतीसच्या एकतीस अर्ज बाद झाले. कार्यक्रम मात्र रद्द करता येईना, कारण हॉल सोडायला तीन महिन्यांची नोटीस लागते आणि बटाटेवड्यांची ऑर्डर आधीच गेली होती.

तातडीची सभा भरली. अध्यक्ष आत्मारामकाका चाळीस वर्षं जर्मनीत काढून निवृत्त झालेले. नियम म्हटला की त्यांचा चेहरा उजळायचा. पण त्या दिवशी तेही काकुळतीला आले.

"अहो, कध्धीच न गायलेली एकसुद्धा गायिका जगात नाही का?"

सुरुचीनं कागद चाळले. "एक आहे. वसुधाताईंनी पूर्वानुभवाच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलंय."

सगळ्या माना वसुधाकडे वळल्या.

"शाळेत? हळदीकुंकवाला?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मुलीला झोपवताना अंगाई?"

"ती आमचे हे म्हणायचे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" काकांनी टेबलावर थाप मारली. "आणि पासपोर्ट?"

"जर्मन."

"म्हणजे पाश्चात्त्य! पदार्पणही शंभर टक्के!"

वसुधा खुर्चीतून अर्धी उठलीच. मिळणार, अगं बाई, खरंच गायला मिळणार!

"फक्त," सुरुची म्हणाली, "ताई गाणार यंदा, आणि हे दशक अजून सरायचंय. शिवाय स्मरणीय आहे की नाही, ते गायल्याशिवाय कसं कळणार? आणि स्मरणीय असल्याशिवाय आपण गाऊ कसं देणार?"

मुद्दा बिनतोड होता. ठराव झाला: वसुधाताईंचा यंदा 'भावी सरल्या दशकातील गायिका' म्हणून सत्कार करावा. गाण्याचं काय ते दशक सरल्यावर बघू. तो 'बघू' वसुधानं सांगलीतही ऐकला होता. घरी येऊन तिनं कणीक इतकी तिंबली की पोळ्या लाटता येईनात.

संमेलनाच्या दिवशी, धुराचा अलार्म वाजू नये म्हणून, बटण दाबून दीपप्रज्वलन झालं. वसुधाला शाल-श्रीफळ मिळालं. काकांनी माइक पुढे केला. "दोन शब्द बोला. गाऊ मात्र नका हं, पदार्पणाला बाधा येईल."

पहिल्या रांगेतून तिची लेक ऊर्जा ओरडली, "आई, झिंग डोख आइनफाख!" लेकीचं मराठी पहिल्या शब्दाशीच संपायचं, पण 'गाऊन टाक की' एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

वसुधानं नारळ काखेत मारला आणि सूर लावला.

नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी म्हणालं, "वडे गरम आहेत हं!" दुसऱ्या कडव्याला हॉल रिकामा. उरली ऊर्जा, आणि किल्ल्या घेऊन दाराशी उभा असलेला हॉलचा म्हातारा जर्मन रखवालदार. ती सगळं गाणं गायली. शेवटचा वरचा सूर पंख्याच्या घरघरीशिवाय कसा लागतो, हे तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि तिला रडूच फुटलं. म्हातारा जवळ आला. गाणं कोणतं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं. आता आपण गायलेल्या असल्याने पदार्पणास कायमच्या अपात्र आहात, शाल परत करावी. स्मरणीयतेबद्दल मात्र समितीनं उपस्थितांचा कौल घेतला होता. एकशे अडतीस जणांनी 'गाणं लख्ख आठवतं, अंगावर काटा आला' असं सहीनिशी लिहून दिलं होतं.

वसुधानं शाल इस्त्री करून परत पाठवली. सोबत एका ओळीची चिठ्ठी: 'गाणं कोणतं होतं?'

सुरुचीचं उत्तर त्याच दिवशी आलं. अर्जात तसा रकाना नसल्याने प्रश्न गैरलागू आहे.

हसताय काय? इथवर तुम्हीही आलात की आमच्याबरोबर. विचारलंत का एकदा तरी?