शेवभाजीची शर्यत

हॉटेलात समोरच्याची वाटी उचलून तपासणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी दर रविवारी पाहतो. सुकदेव आप्पा. आम्ही दोघांनी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सोबत जन्म काढला, पण या माणसाला लाज म्हणून कशी ती नाही.

पिंप्राळ्याच्या हॉटेलात शेवभाजी आली की हा दोन्ही वाट्या शेजारी ठेवून डोळे बारीक करतो. माझ्या वाटीत लाल तर्री जरा जास्त दिसली की झाली अदलाबदल. वर मालकावर ओरडणार, "शेठ, नानाले जास्ती अन् माले कमी? मी काय सावत्र शे?"

मग शर्यत. भाकरी कुस्करायची, रस्सा ओतायचा, आणि जो आधी दही मागेल किंवा हात आखडेल तो हरला. नियम त्यानेच काढला, मला विचारलंसुद्धा नाही. माझी बायको वारली त्याला तेव्हा महिना झाला होता. मेसचा डबा यायचा, तसाच परत जायचा. घासच उतरत नव्हता. पण हॉटेलात मी हात आखडला की हा बोंबलायचा, "हारी गया! नाना हारी गया!" सगळं हॉटेल वळून बघायचं. दुःखातल्या माणसाची अशी चेष्टा करतात का? मी रागारागाने दुसरी भाकरी मागवायचो. मग तोही मागवायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

"रडतो का रे?" मी विचारायचो.

"तुनी कीव येस माले," म्हणायचा.

परवा मी त्याच्या घरी गेलो, भांडायलाच. रविवारी त्याने माझ्या वाटीतली शेव चक्क उचलून खाल्ली होती. आप्पा आत झोपलेला. सून दूधभात कालवत होती. म्हटलं, कोणाला?

"आप्पांना. पोटात व्रण आहे ना, वर्ष झालं तिखट बंद आहे त्यांचं. पण रविवारी कुठे जातात, काय खातात, सांगत नाहीत. मग दोन-दोन दिवस पोट धरून पडतात. तुम्ही तरी समजवा, नाना."

मी काय समजावणार? आठ महिने या लबाडाने मला पत्ता लागू दिला नाही. धरून बडवलं पाहिजे असल्या माणसाला.

या रविवारी त्याला म्हटलं, हॉटेल बंद, घरी ये. मुगाची खिचडी टाकली. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच गॅस पेटवला. खिचडी खाली लागली, वर पाणी राहिलं. तशीच वाढली. पहिल्या घासाला कळलं, मीठ टाकायचंच राहिलं.

आप्पा दोनदा मागून जेवला.