शिरगावकरकाकांच्या बंगल्याच्या खोल्या

शिरगावकरकाकांच्या बंगल्यात सोमवारी बारा खोल्या असत. शुक्रवारपर्यंत त्यांच्या चाळीस होत. बंगला जमैकात आणि काका टोकियोतल्या निशी-कसाईत, आमच्या शेजारी मुलाच्या फ्लॅटमध्ये. तरुणपणी ते तिकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या मळ्यातल्या जुन्या मालकाच्या बंगल्यातच त्यांना राहायला जागा मिळाली होती. "जिना असा, की हत्ती नाचला तरी कुरकुरणार नाही!" जमैकात हत्ती कुठले, हे विचारायची सोय नव्हती.

दोन हजार अकरा साली मोठा भूकंप झाला आणि सून नातीला, ईशाला, घेऊन पुण्याला गेली. "मी वादळात तो बंगला सोडला नाही, हे तर काय!" म्हणून काका मागे राहिले. पण पाय ठरेना. दिवसातून पन्नासदा गॅलरीत, पन्नासदा दारात. शेवटी त्यांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांचा बंगला बांधायला घेतला. ईशा यायच्या आत पुरा व्हायला हवा!

इथे ही खोकी धुऊन, कापून, वाळवून ठरल्या दिवशी कचऱ्यात द्यायची असतात. काका ती पळवायचे. इमारतीची देखभाल बघणाऱ्या मोरी-साननी एकदा रंगेहाथ पकडलं. काकांनी त्यांना अर्धा तास अस्खलित मराठीत जमैका समजावून सांगितली. पुढच्या आठवड्यापासून मोरी-सान स्वतःच गठ्ठा बांधून दारात ठेवू लागले.

दर धक्क्याला बंगला कोसळायचा. काका पुन्हा बांधायचे, दोन खोल्या वाढवून.

बंगल्यामागे मजुरांची चाळ होती, खऱ्यातही आणि खोक्यांतही. आधी तिथे गुलाम राहायचे, मग आपल्याकडून करारावर बोटीने नेलेली माणसं. तिच्या खोल्या मात्र कायम अठरा.

"काका, या का नाही वाढत?"

"तिथं थापा मारायच्या नाहीत. पाच वर्षांनी येतो सांगून निघालेली माणसं ती. किती तरी जण परत गेलेच नाहीत." आणि उठून उगाच दारापर्यंत जाऊन आले.

मग कळलं, ईशाचं नाव पुण्याच्या शाळेत घातलंय. काकांनी जिना तेवढा तिसऱ्यांदा चिकटवला.

एके दिवशी त्यांच्याकडे चहा घेत होतो, तोच धक्का बसला. बंगला आडवा! मी टेबलाखाली शिरलो, तर काका आधीच तिथे, आणि कलिंगडाएवढ्या टकलावर ईशाची इथल्या शाळेची इवलीशी पिवळी टोपी. इलॅस्टिक हनुवटीत रुतलेलं.

"हसू नकोस. हलायला लागलं की टोपी घालायची, असं बजावून गेलीय. फोनवर विचारते, आजोबा, घातली होती का?"

"मग हो म्हणून सांगायचं. तिला काय दिसतंय?"

चाळीत मी एकोणिसावी खोली काढावी, तसे काका माझ्याकडे बघत राहिले.

धक्का थांबला. आम्ही बाहेर आलो, काका खोकी गोळा करू लागले. टोपी डोक्यावर तशीच होती.