कृपया बंद करू नका

कार्यालयातील एकमेव संगणकावर नवी प्रणाली बसवण्याचे काम प्रगतिपथावर होते. पडद्यावर तसे स्पष्ट लिहिले होते: 'काम चालू आहे. कृपया बंद करू नका.' काम ऐन उन्हाळ्यात सुरू झाले होते आणि आता लोक स्वेटर घालून रांगेत उभे राहत होते. संगणक जुना, नव्या प्रणालीला त्याच्या पोटात जागाच नव्हती. पण वरून आदेश आल्यावर पोट कोण बघतो?

आवक-जावक कारकुनाचा बदलीचा आदेश याच संगणकात अडकला होता. तो छापून साहेबांची सही झाली की कारकून बायको-मुलीच्या गावी रुजू होणार होता.

"अहो, येताय कधी?" बायको फोनवर विचारी. "पोरगी काल तुमचा फोटो बघून 'काका' म्हणाली."

"काम चालू आहे गं," तो म्हणे.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पडदा पाहिला, चहा घेतला आणि म्हणाला, "अर्धवट राहिलंय हे. एकदा बंद करून चालू करा. जुनी प्रणाली परत येईल, कागदही जागेवर सापडतील."

"मग करा की!" कारकून म्हणाला.

"मी? काय लिहिलंय वाचलंत ना?" एवढे बोलून तो निघून गेला.

साहेबांनी सखोल विचार केला. बंद करण्यास सक्षम अधिकारी कोण, हे कुठेच नमूद नव्हते; चालू ठेवायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नव्हती. शिवाय तक्रार घेऊन आलेल्याला पडदा दाखवला की तो मुकाट परत जाई. कार्यालय इतके सुरळीत कधीच चालले नव्हते. मग कोणाचा धक्का लागू नये म्हणून संगणकाभोवती दोरी बांधण्यात आली. विजेवर ताण नको म्हणून बाकीचे दिवे घालवण्यात आले. कर्मचारी अंधारात बसून चालू असलेले काम पाहू लागले.

एका दुपारी फोन पोरीनेच उचलला. "काका, आईला देऊ?"

कारकुनाचे डोकेच फिरले. दोरी ओलांडून त्याने सरळ प्लग उपटला. रांगेतून "अहो, अहो!" झाले. त्याने प्लग पुन्हा लावला. पडद्यावर प्रश्न आला: 'काम अपूर्ण राहिले. जुन्या प्रणालीकडे परत जायचे?' अरे बाबा, विचारतोस काय! चहा निवायच्या आत सगळे कागद जागेवर आले आणि आदेश छापून बाहेर पडला. कारकुनाला रडूच फुटले.

साहेबांनी आदेश हातात घेतला आणि पुरावा म्हणून कपाटात ठेवला. "चालू काम तुम्ही बंद पाडलंत. चौकशी होईल. तोवर तुम्हाला सोडता येणार नाही."

"साहेब, चालू आत्ता झालंय! या लोकांना विचारा. यांचीही कामं आता होतील."

साहेबांनी रांगेकडे पाहिले.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं?" पहिला म्हणाला.

"लिहिलं होतं ना, बंद करू नका म्हणून?" त्याच्यामागची बाई म्हणाली.

तिसऱ्याने नुसते घड्याळ पाहिले.

चौकशीसाठी संगणक पूर्ववत स्थितीत असणे आवश्यक होते, म्हणून नवी प्रणाली बसवायला पुन्हा सुरुवात झाली. संध्याकाळी पडद्यावर तीच ओळ आली आणि रांग समजूतदारपणे घरी गेली. कारकुनाचा फोन वाजत राहिला. त्याला तो उचलवेना.

रांगेतल्या, घड्याळ पाहणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाचा चौकशीत कुठेही उल्लेख आला नाही. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा.