मास्तरांची अडतीसची कंबर

दुकान उघडलं की मास्तर पहिलं माप स्वतःच्या कमरेचं घेत. शिवणकामाची कापडी टेप वापरून वापरून सैल पडते, हे कुठलाही शिंपी सांगेल. बाकीचे ती लाकडी गजाला लावून तपासतात. मास्तर कमरेला लावत. त्यांची कंबर लग्नात अडतीस होती, मुलगी सासरी गेली तेव्हाही अडतीस. मधल्या काळात सरकारं बदलली, फॅशनी बदलल्या, कंबर जागची हलली नाही. “गजाला वाळवी लागेल, हिला नाही,” ते म्हणत. आणि वर ऐटीत जोडत, “ज्या दिवशी माझं माप चुकेल, त्या दिवशी कात्री खाली ठेवीन.”

त्या सकाळी टेप छत्तीसवर थांबली.

मास्तरांनी पोट फुगवलं, सोडलं, टेप पुन्हा गुंडाळली. छत्तीस.

“अगं, टेप गेली कामातून!” दुकानामागच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले.

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मध्यंतरी मास्तरांना बारीक ताप येऊन गेला होता आणि तेव्हापासून त्यांचं ताट अर्धं परत येत होतं. त्यांनी टेपकडे पाहिलंच नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, टेपला काही झालेलं नाही. तुम्ही उतरलाय.”

“मी? इतक्या वर्षांत नाही उतरलो तो आत्ता उतरेन होय!”

नवी टेप आली. तीही छत्तीस म्हणाली. “सगळा एकाच कारखान्याचा माल,” मास्तर म्हणाले.

“मग गजाला लावून बघा की एकदा.”

लावली. टेप आणि गज इंचाइंचाला जुळले. मास्तर गजावरून हात फिरवत म्हणाले, “लाकूड फुगलंय. हवा दमट आहे ना.”

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून हात जोडले. त्या रोजच जोडत. हल्ली जरा जास्त वेळ जोडत होत्या.

टेप सैल म्हणजे तिचा एकेक इंच लांबलेला, माप कमी दाखवणार, हा हिशेब सरळ होता. मास्तरांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापात दोन इंच वाढवायला सुरुवात केली.

पहिला कोट गेला शाळेच्या मोठ्या बाईंचा. त्यांनी तो दुकानातच अंगात घातला. कमरेत वारा खेळत होता.

“मास्तर, हे माप माझंच?”

“तुमचंच, बाई. या हातांनी घेतलंय.”

मास्तरांचं माप चुकत नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. मग चुकलं असेल ते शरीर. मोठ्या बाई आरशासमोर उभ्या राहिल्या, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि देवासमोर बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, “मी बारीक झाले!”

त्यानंतर बँकेतला कॅशियर दोन्ही हातांनी नवी पँट धरून घरी गेला, पण चालण्यात ऐट अशी की मिरवणुकीत पुढे असावा. “जिना चढतो ना रोज, त्याचा गुण,” तो भेटेल त्याला सांगे. मोठ्या बाई गरम पाण्याला श्रेय देत होत्या. कुणी तरी दोन्ही गोष्टी ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला: गुण जिन्याचा नाही, पाण्याचाही नाही. मास्तरांच्या हाताचा!

मग काय, रांग लागली. लोक कापड घेऊन येत आणि काउंटरला हात लावून तो कपाळाला लावत. मास्तर सकाळपासून वाकलेले. जेवायला वेळ नाही आणि इच्छा तर त्याहून नाही. फोडणीच्या वासानेच त्यांना मळमळे. टेप आणखी सैल पडली. पस्तीस! मास्तरांनी मापात तीन इंच वाढवले. गिऱ्हाइकं आणखी बारीक झाली. रांग आणखी लांबली.

“काय तेज आलंय हो तुमच्या चेहऱ्यावर,” मोठ्या बाई दुसरा कोट टाकायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “अगदी सोन्यासारखं.”

मास्तरीणबाईंनी ते ऐकलं. रात्री त्यांनी विषय काढला. “लघवी गडद होते म्हणालात ना परवा? उद्या डॉक्टरबाईंकडे चला.”

“ही रांग सोडून? आणि त्या काय करणार, टेप आवळून देणार?”

मास्तरीणबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फक्त शिवायच्या कपड्यांच्या ढिगाच्या तळातून एक पांढरं कापड काढलं आणि सगळ्यांत वर ठेवलं. ते शिवून झाल्यावर स्वतः नेऊन दिलं.

संध्याकाळी डॉक्टरबाई रांग मोडून आत घुसल्या. अंगात पांढरा कोट होता. त्यात आणखी एक डॉक्टर सहज मावली असती.

“मास्तर, हा कोट आहे की तंबू?”

“तुम्ही बारीक झालात!” रांगेतून कॅशियर कौतुकाने ओरडला.

“मी रोज काट्यावर उभी राहते. पाव किलोसुद्धा हललेलं नाही!”

मास्तरांनी टेप, कारखाना, दमट हवा आणि फुगलेला गज असं सगळं क्रमाने समजावून सांगितलं. डॉक्टरबाईंनी मास्तरांना दंडाला धरून दारातल्या उजेडात आणलं आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली.

“टेप राहू द्या. डोळे कधीपासून पिवळे आहेत?”

रक्त तपासलं. लिव्हरला संसर्ग झाला होता. दुकानातली घागर रस्त्यावरच्या नळाची, आणि नळाचा पाइप गटाराशेजारी फुटलेला. “मुलांना हा आजार बऱ्याचदा हसतखेळत होऊन जातो, मोठ्या माणसाला मात्र लोळवतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “न मागता वजन उतरलं तर आनंद मानू नये, मास्तर. आतून कुणी तरी हाक मारत असतं.”

“पण हे लिव्हर असतं तरी कुठे?” खाटेवर पडल्या पडल्या मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी त्यांचाच हात उचलून उजव्या बरगड्यांखाली ठेवला. “इथे. खाल्लेलं निवडतं, विष गाळतं, साखर साठवतं. बोलत मात्र नाही. आणि चांगल्या लिव्हरचा तुकडा कापून काढला, तर ते पुन्हा वाढतं.”

मास्तर उठून बसले. “कापलेलं वाढतं?”

“वाढतं.”

जन्मभर त्यांनी कापड बेतलं होतं. एकदा कात्री चुकली की ब्रह्मदेव आला तरी इंचभर परत मिळत नाही, हे त्यांचं सगळं शास्त्र. आणि इथे, त्यांच्याच अस्तराच्या आत, कुणी तरी असं कापड घालून ठेवलं होतं! बराच वेळ त्यांनी तो हात तिथून काढला नाही. मास्तरीणबाईंनी हात जोडले. या वेळी शेजारी मास्तरांचेही दोन हात जोडलेले होते.

“म्हणजे माप माझंच चुकलं,” मास्तर हळूच म्हणाले. “कात्री खाली ठेवायला हवी.”

“ठेवाच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी सांगेपर्यंत उचलायची नाही. पाणी उकळून प्या. आणि वहिनी, तुमचंही रक्त तपासायचंय.”

वहिनींचं रक्त स्वच्छ निघालं. मास्तरांची भूक हळूहळू परतली, मग डोळ्यांतला पांढरा रंग, मग कात्री. दुकान उघडलं त्या दिवशी मोठ्या बाई आल्या. मास्तरांनी मान खाली घालून सांगून टाकलं, “बाई, तुम्ही बारीक झाला नव्हतात. मी झालो होतो.”

मोठ्या बाईंनी आरशात स्वतःला बराच वेळ पाहिलं. मग दुसरा कोट काउंटरवर ठेवला. “आत घ्या तीन इंच. आणि हे कॅशियरला कळलं, तर बघा.”

त्या गेल्यावर मास्तरांनी सवयीने टेप कमरेभोवती घेतली. थबकले. पुन्हा घेतली.

“अगं,” ते ओरडले, “टेप आटली! एकोणचाळीस दाखवतेय!”

मास्तरीणबाई दारात आल्या. त्यांनी टेपकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, “आटू दे, देवा. आणखी इंचभर आटली तरी माझी तक्रार नाही.”